बुबुळ प्रत्यारोपणाचा चार्ट: ऑपरेशन नोट वाचून कोड कसा लावायचा

चार्ट उघडला की सगळ्यात वर ठळक ओळ असते: ‘कॉर्नियल ट्रान्सप्लांट, उजवा डोळा’. नव्या कोडरची, म्हणजे बिलासाठी शस्त्रक्रियेचे आणि निदानाचे कोड लावणाऱ्याची, घाई इथंच होते. इंडेक्समध्ये केराटोप्लास्टी (कॉर्निया प्रत्यारोपण) शोधायची, ६५७३० दिसला की लावायचा आणि पुढचा चार्ट घ्यायचा. मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या नेत्ररुग्णालयांचे चार्ट कोड करते, नव्यांना शिकवतेही. प्रत्यारोपणाच्या चार्टमधल्या निम्म्याहून जास्त चुका मला या एका ओळीपाशी सापडतात. ती ओळ बहुतेक वेळा टेम्प्लेटमधून आलेली असते. डॉक्टरांनी खरं काय केलं, ते खालच्या दीड-दोन पानांत असतं आणि ते वाचल्याशिवाय कोड लावणं म्हणजे अंदाज बांधणं.

पुणे, नवी मुंबई, नागपूर इथं अमेरिकी क्लेमवर काम करणाऱ्या आणि सर्टिफिकेशनची परीक्षा देणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडच्या सरकारी योजना आणि मेडिक्लेम पॅकेजवर चालतात, तिथं हे कोड लागत नाहीत. इथले सगळे नियम अमेरिकेचे आहेत आणि मुख्यतः मेडिकेअरचे (प्रामुख्यानं ज्येष्ठांसाठीची तिथली सरकारी विमा योजना), कारण बाकीच्या बऱ्याच विमा कंपन्या तिकडंच बघून आपले नियम ठरवतात. कोडमधली अक्षरं मी देवनागरीत लिहिली आहेत, सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच रोमन टाकायची.

पहिली पायरी: कोणता थर बदलला?

बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तेवढ्यात पाच थर. बाहेरून आत जाताना एपिथेलियम, बोमनचा थर, स्ट्रोमा, डेसिमेटचा पडदा आणि शेवटी एंडोथेलियम. जवळजवळ सगळी जाडी स्ट्रोमाची. एंडोथेलियम म्हणजे पेशींची एकच रांग, पण कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर काढत राहण्याचं काम तिचं. ती दमली की कॉर्निया फुगतो, धूसर होतो. हे पाच थर पाठ असल्याशिवाय या विषयात कोडिंग जमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कोडची रचना अशी का आहे, हे इतिहासातून चटकन कळतं. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी चुन्यानं डोळे भाजलेल्या एका मजुरावर पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं. पडद्याची पूर्ण जाडी कापून काढली आणि तिथं दुसऱ्याच्या कॉर्नियाची पूर्ण जाडीची चकती बसवली. पुढची कित्येक दशकं प्रत्यारोपण म्हणजे मुख्यतः हेच. म्हणून जुने तीन कोड पूर्ण जाडीचे आहेत आणि त्यांच्यासोबत वरच्या थरांसाठी ६५७१० होता. नंतर फक्त आतला थर बदलायच्या पद्धती आल्या, नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी २००६ मध्ये डीमेक (फक्त डेसिमेटचा पडदा आणि एंडोथेलियम बदलण्याची पद्धत) करून दाखवली. या आतल्या थराच्या शस्त्रक्रियांना आधी स्वतःचा कोड नव्हता. ६५७५६ आला तो २००९ साली, आणि त्याच वेळी ६५७१० च्या वर्णनात ‘पुढचा’ हा शब्द घातला गेला.

म्हणून नोट वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: दात्याचा कोणता थर रुग्णाच्या डोळ्यात गेला?

पूर्ण जाडी गेली असेल तर पेनिट्रेटिंग केराटोप्लास्टी, ६५७३०, ६५७५० किंवा ६५७५५. या तिघांतली निवड पुढच्या पायरीत. पुढचे थर बदलले आणि रुग्णाचा स्वतःचा डेसिमेटचा पडदा आणि एंडोथेलियम जागेवर ठेवलं, तर ६५७१०. नोटमध्ये ‘डाल्क’ (पुढच्या थरांचं खोलवर प्रत्यारोपण) किंवा ‘बिग बबल’ (त्यासाठी हवेच्या बुडबुड्यानं थर वेगळे करणं) दिसला की बहुतेक हाच. फक्त मागचा थर बदलला, तर ६५७५६. डीसेक, डीएसएईके, डीमेक अशी नावं वेगळी असली तरी कोड एकच. कृत्रिम कॉर्निया बसवला तर ६५७७०. बोस्टन पद्धतीच्या कृत्रिम कॉर्नियाला दात्याच्या कॉर्नियाची कडी लागते, त्यामुळे नोटमध्ये ‘डोनर कॉर्निया’ हे शब्द येतात आणि नवखा कोडर तिथं सोबत ६५७३० पण लावून मोकळा होतो. तो लावायचा नाही.

इथं दोन ठिकाणी पाय घसरतो. डाल्क करताना डेसिमेटचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी त्याच बैठकीत पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण केलं, तर शीर्षकात ‘डाल्क’ तसंच राहिलेलं असतं. कोड मात्र जे पूर्ण झालं त्याचाच. ६५७१० आणि ६५७३० दोन्ही लावणं चूक. दुसरं म्हणजे अलीकडं फुक्सच्या (एंडोथेलियम झिजत जाण्याचा आजार) काही रुग्णांमध्ये डॉक्टर मधला डेसिमेटचा पडदा नुसता सोलून काढतात आणि बाजूच्या पेशी सरकून येण्याची वाट बघतात. ग्राफ्ट बसवतच नाहीत. मग ६५७५६ कसा लागेल? त्याला अनलिस्टेड, म्हणजे स्वतःचा कोड नसलेल्या कामाचा, ६६९९९ लावायचा आणि सोबत नोट जोडायची.

दुसरी पायरी: डोळ्यात भिंग कोणतं होतं?

ही पायरी फक्त पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणासाठी. रुग्णाचं नैसर्गिक भिंग जागेवर असेल तर ६५७३०. भिंग काढलेलं आणि त्या जागी काहीच नसेल तर ६५७५०. आधीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनात कृत्रिम भिंग बसवलेलं असेल तर ६५७५५.

शस्त्रक्रियेला सुरुवात झाली तेव्हाची स्थिती धरायची. रुग्णाला मोतीबिंदू आहे आणि डॉक्टरांनी एकाच बैठकीत मोतीबिंदू काढून भिंग बसवलं आणि पूर्ण जाडीचा कॉर्नियाही बदलला, तर तो ६५७३० आणि सोबत मोतीबिंदूचा कोड. बाहेर पडताना डोळ्यात कृत्रिम भिंग आहे म्हणून ६५७५५ होत नाही. ही माहिती ऑपरेशन नोटमध्ये नसेल तर आधीच्या तपासणीची नोट उघडा. स्लिट लॅम्पच्या परीक्षणात ‘लेन्स’समोर काय लिहिलंय ते बघा, तिथं सहसा मिळतं. तिथंही नसेल तर डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) टाकायची. अंदाजानं ६५७३० लावून द्यायचा नाही.

तिसरी पायरी: ग्राफ्ट कोणी तयार केला?

६५७५७ हा अ‍ॅड-ऑन कोड आहे. एकटा कधी जात नाही आणि फक्त ६५७५६ सोबत जातो. अर्थ असा की, दात्याच्या कॉर्नियामधून आतला पातळ थर वेगळा करण्याचं काम सर्जननं स्वतः, ऑपरेशन थिएटरमध्ये, बाजूच्या टेबलावर केलं.

या कोडनं मला चांगलाच धडा शिकवला. काम सुरू केल्यावर एका क्लायंटचे डीमेकचे चार्ट माझ्याकडे आले. प्रत्येक नोटमध्ये ‘टिश्यू तयार केला’ असं एक वाक्य होतं, आणि मी प्रत्येकाला ६५७५७ लावत गेले. ऑडिट झालं तेव्हा आमच्या वरिष्ठ ताईंनी मला शेजारी बसवलं, एकच नोट उघडली आणि म्हणाल्या, “हे वाच. नेत्रपेढीकडून आलं तेव्हा काय स्थितीत होतं?” दोन ओळी वर स्पष्ट लिहिलं होतं: ‘नेत्रपेढीनं आधीच सोललेला आणि शिक्का मारलेला डीमेक ग्राफ्ट’. डॉक्टरांनी फक्त तो गोल पंचानं कापला, निळ्या रंगात बुडवला आणि इंजेक्टरमध्ये भरला. सोलण्याचं काम नेत्रपेढीच्या टेक्निशियननं केलं होतं आणि त्याचे पैसे पेढीच्या बिलात आलेच होते. ते सगळे क्लेम दुरुस्त करून परत पाठवावे लागले. एकाच कामाचे पैसे दोनदा मागितले गेले होते आणि मागणारी मी होते.

तेव्हापासून मी नोटमधले शब्द असे बघते. ‘प्री-कट’, ‘प्री-स्ट्रिप्ड’, ‘प्री-लोडेड’ यांपैकी काहीही दिसलं की ६५७५७ नाही. ‘शिक्का’चा उल्लेख, म्हणजे ग्राफ्ट उलटा बसू नये म्हणून त्यावर मारलेलं इंग्रजी एस अक्षर, बहुतेक वेळा नेत्रपेढीचं काम दाखवतो. उलट बाजूला, सर्जननं कृत्रिम चेंबरवर कॉर्निया बसवून मायक्रोकेराटोमनं चकती कापली, किंवा द्रवाखाली चिमट्यानं डेसिमेटचा पडदा सोलला, असं पद्धतीसह वर्णन असेल तर ६५७५७ लागतो. नुसता पंच मारणं, रंगवणं, भरणं हे ६५७५६ मध्येच धरलेलं आहे.

नोटमध्ये दोन्हीकडचे शब्द नसले तर नेत्रपेढीचा टिश्यू रिपोर्ट मागवा. त्यात पेढीनं कोणती प्रक्रिया केली ते लिहिलेलं असतं. ६५७५७ अ‍ॅड-ऑन असल्यामुळे त्याला मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण) ५१, म्हणजे एकाच बैठकीतल्या अनेक शस्त्रक्रियांचा, लावायचा नाही, आणि त्याचे पैसेही एकापेक्षा जास्त शस्त्रक्रियांच्या नियमानं निम्मे होत नाहीत.

चौथी पायरी: कॉर्नियाच्या टिश्यूचं बिल

व्ही२७८५ हा कोड कॉर्नियाच्या प्रक्रियेचा, जतनाचा आणि वाहतुकीचा. डोळ्याची किंमत नव्हे. अमेरिकेत १९८४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं कॉर्नियाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आहे, आणि या कोडच्या शब्दांत ते दिसतंही. कुणीतरी मरताना दिलेला डोळा असतो तो. मी शिकवताना हे मुद्दाम सांगते, कारण एकदा हे कळलं की व्ही२७८५ चा गोंधळ पुन्हा होत नाही.

हा कोड टिश्यूचे पैसे भरणारी संस्था लावते, म्हणजे रुग्णालय किंवा सर्जरी सेंटर. सर्जनच्या बिलावर तो सहसा येत नाही. पैसे नेत्रपेढीच्या बिलाच्या खर्चावर ठरतात, म्हणून ते बिल फाइलमध्ये हवंच. बिल न सापडल्यामुळे आलेले डिनायल (नाकारलेले क्लेम) मी इतके पाहिलेत की, संस्थेच्या बाजूचा क्लेम असेल तर मी बाकी काहीही करण्याआधी ते बिल शोधते.

पाचवी पायरी: निदान

इथं थोडं थांबूया, कारण शस्त्रक्रियेचा कोड बरोबर असूनही क्लेम निदानावर अडतो.

फुक्स एंडोथेलियल डिस्ट्रॉफीसाठी एच१८.५१ हा कोड होता. १ ऑक्टोबर २०२० पासून तो फुटला: उजव्यासाठी एच१८.५११, डाव्यासाठी एच१८.५१२, दोन्ही डोळ्यांसाठी एच१८.५१३. जुन्या टेम्प्लेटमध्ये अजूनही पाच अक्षरांचा एच१८.५१ बसलेला सापडतो आणि तो आता अवैध आहे. निदानाचे कोड मुख्यतः १ ऑक्टोबरला बदलतात, शस्त्रक्रियेचे १ जानेवारीला, आणि कोणती आवृत्ती लागू हे सेवेच्या तारखेवर ठरतं, क्लेम पाठवल्याच्या तारखेवर नाही.

दोन्ही डोळ्यांना फुक्स आहे आणि आज उजवा करतोय, तर कोणता कोड? अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, पहिल्या डोळ्याच्या वेळीही दोन्ही डोळ्यांचाच कोड लावा, कारण आजार दोन्हीकडे आहे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी, पहिल्यातला आजार गेलेला असल्यामुळे, एका डोळ्याचा. माझ्या हाताखालच्या जवळजवळ प्रत्येकानं हा नियम उलटा लावलेला आहे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्निया फुगणं हा दुसरा फसवा प्रकार. बुलस केराटोपॅथी म्हटलं की हात एच१८.१ कडे जातो. पण त्या कोडखालीच सूचना आहे की, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची असेल तर तो लावू नका. तिथं एच५९.०१ चं कुटुंब: उजवा एच५९.०११, डावा एच५९.०१२. डॉक्टरांनी ‘स्यूडोफेकिक (कृत्रिम भिंग असलेल्या डोळ्यातली) बुलस केराटोपॅथी’ लिहिलं असेल आणि ती शस्त्रक्रियेमुळे झाल्याचं नोटमध्ये स्पष्ट असेल तर हाच. कार्यकारणसंबंध धूसर असेल तर क्वेरी टाका.

केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) साठी स्थिर एच१८.६१ आणि अस्थिर एच१८.६२ अशी विभागणी आहे. कॉर्नियात अचानक पाणी भरलं असेल, म्हणजे हायड्रॉप्स, तर तो अस्थिर. सहावं अक्षर बाजूचं. जखमेनंतर किंवा जंतुसंसर्गानंतर डोळ्यात फूल पडलं असेल तर एच१७ बघायचा.

जुना ग्राफ्ट खराब झाल्यामुळे पुन्हा प्रत्यारोपण करत असतील तर टी८६.८४ चं कुटुंब. शरीरानं नाकारला असेल तर टी८६.८४०, काम करेनासा झाला असेल तर टी८६.८४१, संसर्ग असेल तर टी८६.८४२, आणि इतर गुंतागुंतीसाठी टी८६.८४८. प्रत्येकाला बाजू दाखवणारं सातवं अक्षर लागतं, जसं उजव्याच्या नकारासाठी टी८६.८४०१. ‘रिजेक्शन’ आणि ‘फेल्युअर’ हे शब्द डॉक्टर बोलताना सरमिसळ वापरतात, कोडमध्ये ते वेगळे आहेत. आणि ज्या डोळ्याला टी८६.८४ लागतो, त्याच डोळ्यासाठी सोबत झेड९४.७, म्हणजे ‘कॉर्निया प्रत्यारोपण झालेलं आहे’ हा स्थितीचा कोड, लावायचा नाही. पुन्हा केलेल्या प्रत्यारोपणाला वेगळा शस्त्रक्रिया कोड नाही, तेच ६५७५६ किंवा ६५७५५.

सहावी पायरी: त्याच बैठकीतली बाकीची कामं

डीमेकमध्ये डॉक्टर खालच्या बाजूला बुबुळाच्या रंगीत भागात एक बारीक छिद्र (इरिडोटोमी) करतात, म्हणजे आत भरलेल्या वायूनं बाहुलीचा रस्ता अडून दाब वाढू नये. नोटमध्ये ते ठळक लिहिलेलं असतं, म्हणून वेगळा कोड लावण्याचा मोह होतो. ते शस्त्रक्रियेचाच भाग आहे. हवा किंवा एसएफ६ वायू भरून ग्राफ्ट वर दाबणं हेही ६५७५६ मध्येच.

मोतीबिंदू मात्र वेगळा. ६६९८४ वेगळा लागतो, त्याचं निदान वेगळं आणि त्याच्या ओळीला जोडायचंही वेगळं. इथं एक बारकावा जवळून बघण्यासारखा आहे. नोटमध्ये ‘ट्रायपॅन ब्लू वापरला’ असं दिसलं की काही जण ६६९८४ ऐवजी गुंतागुंतीच्या मोतीबिंदूचा ६६९८२ लावतात. पण तो निळा रंग कशावर टाकला? डीमेकचा ग्राफ्ट पाण्यात जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो निळा करतात. भिंगाच्या पिशवीवर, पिकलेल्या मोतीबिंदूमुळे रंग टाकला असेल तर वेगळी गोष्ट. वाक्याचं कर्म बघा: रंगवलं कशाला?

सातवी पायरी: नव्वद दिवस आणि मॉडिफायर

सगळी कॉर्निया प्रत्यारोपणं मोठ्या शस्त्रक्रियांत मोडतात. मेडिकेअर आदला दिवस, शस्त्रक्रियेचा दिवस आणि पुढचे ९० दिवस एकाच पॅकेजमध्ये धरतं. शस्त्रक्रिया १० मार्चला झाली तर मुदत ८ जूनला संपते. या काळातल्या नेहमीच्या तपासण्या, टाके काढणं, थेंब बदलणं याचं वेगळं बिल नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशीच्या तपासणीत झाला असेल तर त्या तपासणीला ५७ लावा, नाहीतर ती पॅकेजमध्ये बुडते.

आता रिबबलिंग. डीमेकचा ग्राफ्ट अतिशय पातळ असतो, पहिल्या काही दिवसांत त्याची कड सुटू शकते. मग डॉक्टर पुन्हा हवा भरतात. कोड ६६०२०. पण पैसे मिळणार की नाही, हे कुठं केलं त्यावर ठरतं. पाचव्या दिवशी क्लिनिकच्या खोलीत, स्लिट लॅम्पपाशी केलं असेल तर मेडिकेअर देत नाही. रुग्णाला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं असेल तर ६६०२० ला ७८ (मुदतीत गुंतागुंतीसाठी पुन्हा थिएटरमध्ये नेणं) आणि डोळ्याची बाजू दाखवणारा मॉडिफायर लावून पाठवायचा. मेडिकेअरच्या व्याख्येत थिएटर म्हणजे फक्त शस्त्रक्रियांसाठी सज्ज आणि मनुष्यबळ असलेली जागा. लेसर सूट त्यात येतो, क्लिनिकमधली छोटी उपचार खोली येत नाही. म्हणून नोटमध्ये ‘ठिकाण’ ही ओळ शोधा. निदानात नकाराचा कोड टाकू नका. ग्राफ्टची कड सुटली आहे, शरीरानं तो नाकारलेला नाही. सहसा टी८६.८४८ तिथं बसतो.

७८ मध्ये फक्त शस्त्रक्रियेपुरते पैसे मिळतात आणि नवे नव्वद दिवस सुरू होत नाहीत. ७९ म्हणजे त्याच काळातली, आधीच्या शस्त्रक्रियेशी संबंध नसलेली शस्त्रक्रिया. तिथं पूर्ण पैसे आणि नवी मुदत. दुसऱ्या डोळ्याचं प्रत्यारोपण पहिल्याच्या मुदतीत झालं तर ७९. ५८ आधीपासून ठरवलेल्या टप्प्याच्या शस्त्रक्रियेसाठी, आणि ते ‘आधीपासून ठरलेलं’ पहिल्या नोटमध्ये लिहिलेलं असावं लागतं. ग्राफ्ट सुरुवातीपासूनच चालला नाही म्हणून पंधरा दिवसांत दुसरा बसवला, तर तो टप्पा नव्हे, गुंतागुंत, ७८. आणि ‘तोच डॉक्टर’ म्हणजे त्याच ग्रुपमधला, त्याच विषयाचा दुसरा डॉक्टरही.

गावाकडचा रुग्ण शस्त्रक्रिया शहरात करून पुढच्या तपासण्या जवळच्या डॉक्टरांकडे करत असेल, तर सर्जनला ५४ (फक्त शस्त्रक्रिया) आणि दुसऱ्याला ५५ (फक्त नंतरची देखभाल). ५५ साठी दोघांमध्ये लेखी हस्तांतर हवं आणि दोन्ही क्लेमवर शस्त्रक्रियेची तारीख एकच.

आता एक नोट सोबत वाचू

हा शिकवण्यासाठी मी रचलेला नमुना आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य मला खऱ्या चार्टमध्ये कुठं ना कुठं भेटलेलं आहे. रुग्ण मेडिकेअरचा. उजव्या डोळ्याचं डीमेक १० मार्चला झालेलं. आजची तारीख २० मे.

‘शीर्षक: कॉर्निया प्रत्यारोपण आणि मोतीबिंदू, डावा डोळा. निदान: फुक्स डिस्ट्रॉफी, वयोमानपरत्वे न्यूक्लियर मोतीबिंदू. नेत्रपेढीकडून आलेला प्री-स्ट्रिप्ड ग्राफ्ट तपासला, शिक्का स्पष्ट. ८ मिलिमीटरच्या पंचानं कापला, ट्रायपॅन ब्लूनं रंगवला, इंजेक्टरमध्ये भरला. फेको करून मोतीबिंदू काढला, पिशवीत भिंग बसवलं. रुग्णाचा डेसिमेट पडदा सोलून काढला. खाली इरिडोटोमी केली. ग्राफ्ट आत सोडला, उलगडला, वीस टक्के एसएफ६ वायूनं वर दाबला.’

थर कोणता? रुग्णाचा डेसिमेट काढला, मागचाच थर आत गेला, म्हणून ६५७५६. पूर्ण जाडी नाही, त्यामुळे भिंगाचा प्रश्न या कोडला लागत नाही. ग्राफ्ट प्री-स्ट्रिप्ड, म्हणून ६५७५७ नाही. पंच, रंग, भरणं हे आत धरलेलं. मोतीबिंदू ६६९८४. निळा रंग ग्राफ्टला लावला, म्हणून ६६९८२ नाही. इरिडोटोमी आणि वायू वेगळे नाहीत.

बाजू डावी, म्हणून मॉडिफायर एलटी. उजव्याची मुदत ८ जूनपर्यंत आहे आणि आपण २० मे ला आहोत, म्हणून दोन्ही कोडना ७९ लागणार. जास्त मूल्याचा ६५७५६ वर, ६६९८४ खाली. दुसऱ्या ओळीला ५१ लावायचा की नाही हे विमा कंपनीच्या सूचनेप्रमाणं, मेडिकेअरला तो तुम्ही लावायची गरज नसते.

निदान: उजव्या डोळ्याचं काम आधीच झालं, आजार आता डावीकडेच उरलाय, म्हणून ६५७५६ ला एच१८.५१२. मोतीबिंदूच्या ओळीला एच२५.१२. उजव्या डोळ्यातल्या आधीच्या ग्राफ्टसाठी झेड९४.७ लावता येतो, कारण त्या डोळ्यात गुंतागुंत नाही. सर्जरी सेंटरच्या क्लेमवर याशिवाय व्ही२७८५, सोबत नेत्रपेढीचं बिल.

क्लेम पाठवण्याआधी कॅलेंडरवर दोन तारखा लिहून ठेवा. डाव्या डोळ्याची नवी मुदत २० मे पासून सुरू झाली, ती १८ ऑगस्टला संपते. रुग्ण ३ जूनला तपासणीला आला तर दोन्ही डोळे आपापल्या पॅकेजमध्ये आहेत, नेहमीच्या तपासणीचं बिल होणार नाही. १५ जूनला त्याच डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचा दाब वाढल्यामुळे बघितलं, तर उजव्याची मुदत संपलेली आहे पण डाव्याची चालू आहे. त्या तपासणीचं बिल होतं, २४ (मुदतीतली, पण त्या शस्त्रक्रियेशी संबंध नसलेली तपासणी) लावून, आणि नोटमध्ये उजव्या डोळ्याचीच तक्रार स्पष्ट लिहिलेली असेल तरच.